भावजींचा आड

साऱ्या पृथ्वीच्या पाण्याची काळजी एकट्यानं वाहणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा धाकटा दीर निघाला. दूरचा कुठला समुद्र तापल्याची बातमी रेडिओवर लागली, की भावजी लोहाऱ्याच्या बाजारातून मुगाचं बियाणं न घेताच परत. "वहिनी, तिकडं समुद्र तापला. औंदा हितं मूग न्हाय." शेजाऱ्यानं लिंबावर कुऱ्हाड उचलली, तर हे बुंध्याला मिठी मारून बसले. म्हणे, झाड म्हणजे जमिनीतल्या पाण्याची ढगात चढायची शिडी! पाहुण्याला पाणी अर्धा पेलाच. त्यातलं उरलं, तर कढीपत्त्याला घालताना त्या पाण्यालाच सांगत, "जा बाबा, फिरून ये."

त्यांच्या परसातल्या आडावर सगळी गल्ली पाणी भरायची. मीही. पण तेव्हाची मी म्हणजे मोठी मानाची सून! दिराच्या आडावर घागर न्यायची मला लाज वाटे. मी हट्टानं आमच्या परसात बोअर ठरवला. पाणाड्या आला, त्याच्या तळहातावरचा नारळ ताडकन उभा राहिला. भावजी भिंतीपलीकडून म्हणाले, "नारळ खरा हाय, वहिनी. पण हे माझ्या आडातलंच पाणी. खालून समदं एकच."

"व्हय का? मग ही मधली भिंत कशाला घातली?" मी म्हटलं आणि स्वतःच्याच विनोदावर पोट धरून हसले.

पाणी लागलं. गल्लीभर पेढे वाटले, पहिला भावजींच्या हातावर. "गोड हाय," म्हणाले, आणि जाऊन आपल्या आडात वाकून बघत उभे राहिले.

पुढच्या उन्हाळ्यात आडाचा तळ दिसला. भावजी घागर घेऊन माझ्या बोअरवर येऊ लागले. मी रोज टोमण्याची वाट बघायची. तो काही आला नाही. भरल्या घागरीवर हात फिरवून ते एवढंच म्हणत, "आलास व्हय फिरून?" टोमणा परवडला असता.

मग घरोघर बोअर झाले आणि माझाही आटला. भावजी गेल्या वर्षी गेले. आता टँकर येतो. नातवंडं अर्धा पेला तसाच टाकून पळतात. तो मी भिंतीपलीकडं नेऊन त्यांच्या कोरड्या आडात ओतते. तळाला पोचेपर्यंत त्यातलं काय उरत असेल, देव जाणे. तरी "जा, फिरून या," म्हणते.

कुणाला, ते विचारू नका.