कौलाचं झाड

माझ्या सासरच्या वाडीवर, आंदर मावळाच्या अगदी टोकाला, डोंगराच्या कड्यावर एक देवराई आहे. तिच्यात शिरलं की आवाज आपोआप बारीक होतो. पाखरं ओरडत असतात, पण ती भिंतीपलीकडे ओरडत असावीत असं वाटतं. लग्नानंतर पहिल्यांदा गेले तेव्हा मोठ्या जाऊबाईंनी, म्हणजे आक्कांनी, मला दोन गोष्टी बजावल्या. राईतलं वाळकं पानसुद्धा घरी न्यायचं नाही. आणि मागून कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, वळायचंही नाही.

"मानूस आसंल तर पुन्यांदा हाक मारतंय," आक्का म्हणाल्या. "ते एकदाच मारतं."

मी कान्हे गावची, रेल्वे फाटकापाशी वाढलेली. गाड्यांच्या शिट्ट्यांत वाढलेल्या पोरीला हाकांची कसली भीती? मी तोंडावर पदर घेऊन हसले. आक्का हसल्या नाहीत.

राईच्या कडेला, जिथं माती संपून दरी सुरू होते, तिथं एक झुडूप होतं. माणसापेक्षा थोडं उंच, पानं मऊ, लव असलेली. थंडीत त्याला पिवळीधमक, लालसर शिरांची फुलं यायची, सगळी खाली तोंड करून लोंबणारी. वाडीवर त्याला कौलाचं झाड म्हणत. पुढे आम्ही कान्ह्यात बिऱ्हाड केलं आणि मी तुंगार्लीच्या एका रोपवाटिकेत कामाला लागले, तेव्हा कळलं की त्याचं नाव सोनघंटा, ते फक्त सह्याद्रीतच होतं आणि तिथंही आता शोधावं लागतं. ऐकून मला आधी अभिमान वाटला आणि मग धसका बसला. कारण आमच्या राईत पूर्वी अशी बरीच झुडपं होती म्हणे, आणि आता हे एकच उरलं होतं.

त्याला कुणी कुऱ्हाड लावली नव्हती. लावायची कुणाची छाती नव्हती. पण देवाला कौल लावायचा तर याच झाडाची फुलं लागत. गुरव दोन फुलं पाण्यात बुडवून देवाच्या दगडाला चिकटवायचा, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवं आधी पडलं तर होकार. म्हैस सापडेल का, पोरीचं जमेल का, बोअरला पाणी लागेल का, हंगामभर लोकांचे प्रश्न संपायचे नाहीत. फुलं मात्र संपायची. फुलंच खुडली तर बी कुठून धरणार? इतक्या भक्तिभावानं झाड मारायची रीत आमच्याच वाडीला सुचावी!

पुढच्या खेपेला वाडीवर गेले तेव्हा मी गुरवबाबांना म्हटलं, "आबा, औंदा फुलं ऱ्हाऊ द्या. झाड वाळत चाललंय, बी न्हाई धरलं तर संपलं."

आबांनी डोकं खाजवलं. "देवाचं फूल देवाला न्हाई द्यायचं, तर देवाला इचाराया नगं का?"

"मग इचारा."

"इचारायचं तर दोन फुलं लागत्यात की गं!"

कपाळाला हात लावून परत आले.

पण मला खरी भीती आक्कांची होती. त्यांचे धनी, माझे थोरले दीर, परंदवडीकडे कंपनीत कामाला जायचे. एका दुपारी डबा घेऊन गेले ते परत आलेच नाहीत. दवाखाने झाले, पोलीस झाले, नातेवाईक झाले. आक्का तेव्हापासून दर थंडीत एकच कौल लावायच्या: धनी जिवंत हाय का? दर वेळी उजवं फूल आधी पडायचं. आक्का कुंकू लावून घरी यायच्या आणि पुढचं वर्ष त्या एका फुलावर काढायच्या.

त्या थंडीत झाड जवळजवळ वाळलं होतं. एकाच फांदीत जीव होता आणि तिच्यावर दोनच फुलं. वाडीनं ती आक्कांसाठी राखली. आक्कांनी मला सोबत नेलं. भर दुपार होती, तरी राईत कुंद वाटत होतं. फुलं खुडली तर झाड गेलं, हे मला माहीत होतं. पण नवऱ्याची खबर विचारणाऱ्या बाईला काय सांगायचं, बी महत्त्वाचं आहे म्हणून?

आक्कांनी हात वर केला. तो तसाच राहिला.

"दरसाली देव हाय म्हनतोय," त्या हळूच म्हणाल्या. "औंदा न्हाई म्हनला तर गं?"

त्यांनी हात खाली घेतला. "ऱ्हाऊ दे. न्हाई इचारलं तर हायेतच ते."

आम्ही परत फिरलो. राईच्या तोंडाशी आलो आणि मागून, झाडाच्या बाजूनं, पुरुषाच्या आवाजात कुणीतरी म्हटलं, "अगं."

मोठ्यानं नाही. भाकरी वाढताना घरातला माणूस म्हणतो तसं. आक्का जागच्या जागी थांबल्या. आम्ही दोघी पाठमोऱ्याच उभ्या राहिलो, ऊन पायांवरून सरकेपर्यंत. दुसरी हाक आली नाही.

उन्हाळ्यात त्या माझ्याकडे कान्ह्याला आल्या. पदराच्या काठाला वाळक्या, लवदार बोंडाचे तुकडे चिकटले होते. "म्या आनलं न्हाई," त्या घाईनं म्हणाल्या, "आपसूक चिकटून आलंय." असं आपसूक चिकटायला झाडाला खेटून दुपारभर बसावं लागतं. मी तुकडे अलगद सोडवून घेतले. त्यातलं बी दारात पेरलं. एकच रोप जगलं. पुढच्या पावसात राईतलं झाड दरडीबरोबर खाली गेलं. आक्का मग माझ्याकडेच राहिल्या, रोपाला पाणी घालायला.

यंदा त्याला पहिल्यांदा कळ्या आल्या. आक्कांनीच आधी पाहिल्या. आता त्या विचारणार. आणि उत्तराची भीती मला त्यांच्याहून जास्त होती.

त्यांनी कळीला बोट लावलं. "आधी बी धरू दे," म्हणाल्या.

"आन् मग?"

"मग त्या बियाचं झाड हुईल. त्याला फुलं येतील. तवा बगू."

मला रडूही आलं आणि हसूही. मी त्यांचा हात धरला. तेवढ्यात मागून, आत कुणीही नसलेल्या घरातून, कुणीतरी म्हटलं, "अगं."

आक्कांनी माझा हात घट्ट दाबला. आम्ही दोघी झाडाकडे तोंड करून दुसऱ्या हाकेची वाट बघत उभ्या राहिलो.