निवांतच्या भागवतबाई

भागवतबाईंकडे गेलं की आधी जमिनीवर बसावं लागे. पाहुणा कितीही मोठा असो, खुर्ची मिळत नसे. "उभ्या माणसाला तो घाबरतो," एवढंच सांगून त्या कोपऱ्यातल्या गोधडीकडे हात करत. गोधडीवर निवांत असे. निवांत म्हणजे शर्यतीत पळवून मोडलेला ग्रेहाउंड कुत्रा.

बाईंनी हाडांच्या वॉर्डात परिचारिका म्हणून नोकरी केली होती. निवृत्तीनंतर धायरीत आमच्याच इमारतीत तळमजल्यावर त्या एकट्या राहत. निवांत त्यांना कालव्याच्या कडेला सापडला. मागचा पाय मोडून लोंबत होता आणि गळ्यात झेंडूचा सुकलेला हार तसाच होता. आधी पूजा, मग शर्यत, मग कालवा. या भक्तीची आठवण झाली की आजही माझं डोकं फिरतं.

डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, पुढचं सगळं बाईंनी केलं. प्लास्टर निघाल्यावर पोटाखालून जुन्या साडीची पट्टी घालून, त्याचा भार उचलून धरत, त्या त्याला इमारतीभोवती चालवत. तो मध्येच धावायला बघे. तेव्हा त्या थांबत आणि म्हणत, "कोणी मागे लागलेलं नाही. सावकाश." जिन्यावरून धडधडत उतरणाऱ्या आम्हालाही हेच ऐकावं लागे.

सोसायटीच्या सेक्रेटरींना मात्र शर्यतीचं कुत्रं नको होतं. ते चावेल, अशी त्यांची तक्रार. ज्याला धड उभं राहता येत नव्हतं, तो म्हणे चावणार होता! बाई म्हणाल्या, "चावला की कळवा. तोवर मला कामं आहेत."

पाय सावरला तशी बातमी पसरली, आणि एक दिवस मूळ मालक दारात हजर. त्याचा हक्काचा सूर ऐकून मीच जिना उतरून खाली गेलो.

"वादळ नाव हाय त्याचं. पळायच्या आधी दर वेळी हार घालून पूजा केलीया आमी त्याची. आता बरं झालंय, तर न्यायला आलोय."

निवांत पलंगाखाली शिरला होता. फरशीवर ओल पसरत होती. बाईंनी शांतपणे फडकं आणलं आणि त्या पुसायला बसल्या.

"मालक ओळखलाय त्यानं," त्या मान वर न करता म्हणाल्या. "आता आपण निघावं."

तो निघेना, तेव्हा मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण तो गेला.

त्या दिवसापासून बाईंना एकच घोर लागला. आपलं वय झालेलं, आपल्यामागे हा पुन्हा त्याच हातात पडला तर? म्हणून त्या घर शोधू लागल्या. रुबाबासाठी ग्रेहाउंड हवा असणाऱ्यांना त्यांनी बसल्या जागेवरून उठवलं. शेवटी हडपसरचं एक जोडपं त्यांना पटलं.

न्यायला आले तेव्हा त्या बिचाऱ्यांनी मंडईतून मुद्दाम झेंडूचा हार आणला होता. नवीन माणूस घरात येतो, मग त्याचं स्वागत नको का? हार पाहताच निवांत उठला. कान मागे, अंग थरथरत, नजर दाराकडे. पुरत्या बऱ्या न झालेल्या पायावर भार देऊन तो पळायच्या तयारीत उभा राहिला. बाईंनी हार हिसकावून घेतला आणि बाहेर भिरकावला. हडपसरच्या वहिनींना सगळं सांगितलं, तशा त्या रडतच जमिनीवर बसल्या आणि बराच वेळ हलल्या नाहीत. निवांत आपणहून त्यांच्याशेजारी जाऊन आडवा झाला. बाई म्हणाल्या, "न्या."

पुढच्या वर्षी बाई गेल्या. सगळ्यात मोठा हार घेऊन कोण आलं असेल? सेक्रेटरी. मी दारातच अडवलं.

"हार बाहेर ठेवा. निवांत यायचाय."

"अहो, रीत असते."

"त्यालाही रीतीनंच घालत होते."

त्यांनी हार बाहेर ठेवला. मी आतल्या सगळ्यांना खाली बसायला सांगितलं, आणि सेक्रेटरींसकट सगळे मुकाट्यानं बसले. मग हडपसरच्या वहिनींनी निवांतला आणलं. बाईंना पाहून तो उंबऱ्यावरूनच ओढ घेऊ लागला, लंगडणारा पाय फरशीवर घसरला.

मी त्याच्या पोटाखाली हात घातला. "कोणी मागे लागलेलं नाही," मी म्हणालो. "सावकाश."