पुलावरून दिसणारं पाणी

"स्टोरी कसली बघतोस, पाणी बघ ना," मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच म्हणालं.

पडद्यावर समुद्र उभा राहिला होता. त्या उभ्या पाण्यात जहाजं, गाड्या, पुलाचा एक तुकडा, सगळं वर वर चढत होतं. मागच्याचा मित्र बहुधा विचारत होता, की सगळे टॉवर पडल्यावर हिरोला मुलीचा फोन लागला कसा. प्रश्न अगदी रास्त होता. पण लाट शहरावर कोसळली आणि त्यानं तो पुन्हा विचारला नाही.

माझा फोन मांडीवरच्या बॅगेत थरथरत होता. ऑफिसची टीम आउटिंग, दुपारचा शो, मी रांगेच्या मधोमध बसलेली. फोन बाहेर काढला की उजेड पडतो आणि लोक बघतात, म्हणून मी बॅगेतच डोकं घालून वाचलं. सोसायटीच्या ग्रुपवर आलं होतं: धरणातून सोडायचं पाणी संध्याकाळी वाढवणार आहेत, नदीकाठच्यांनी सावध राहा. त्याखाली आईचा मेसेज. ती बिबवेवाडीला मावशीकडे पोचली होती. बाबा तिच्याबरोबर गेले नव्हते. "माझं ऐकत नाहीत. तू सांगून बघ," तिनं लिहिलं होतं.

आमचं घर सिंहगड रस्त्याच्या आत, नदीच्या बाजूला, तळमजल्यावर आहे. बाबा नोकरीसाठी यवतमाळहून पुण्यात आले आणि बरीच वर्षं भाड्यानं काढल्यावर त्यांनी हे घेतलं. मागच्या पावसाळ्यात त्यात पाणी शिरलं होतं. ऑफिसात मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. मी फार काही सांगत नाही. आणि बाबांना 'सांगून बघणं' ही गोष्ट आमच्या घरात नाही. ते बोलतात, मी मान हलवते, मग माझ्या खोलीत जाते.

सिनेमा संपेपर्यंत मी बसून राहिले. सगळी रांग उठवून बाहेर पडायचं मला जमलं नाही. हिरोनं फाटत चाललेल्या रस्त्यावरून गाडी काढली, मुलीला घेतलं, कुत्र्यासाठी परत गेला आणि कुत्राही वाचला. मागे लाखो माणसं मेली, त्यांचं कुणी नाव काढलं नाही. हे सगळं खोटं आहे हे मला कळत होतं. तरीही लाट आली की मी खुर्चीचा हात घट्ट धरत होते, आणि ती ओसरली की मला पुढची हवी होती. घरी बाबा एकटे असताना मला असं वाटतंय, याचीच मला जास्त भीती वाटली.

कारण आमच्याकडे पाणी असं आलं नव्हतं. ते पहाटे आलं, बाथरूमच्या जाळीतून. आधी गुडगुड असा आवाज, मग फरशीवर काळसर चकती. बाबा दाराशी उभे राहून गेटकडे बघत होते, कारण पाणी गेटमधून येणार असं त्यांनी धरलं होतं. गेट कोरडं होतं. तोवर आमच्या मागे गाद्या भिजल्या होत्या. एवढ्या मोठ्या घटनेत बघण्यासारखं काहीच नव्हतं. वास होता, आणि आई पुन्हा पुन्हा म्हणत होती, "माझी चप्पल कुठंय?"

शो सुटल्यावर आम्ही मॉलच्याच वरच्या मजल्यावर कॉफी घेतली. आमच्यात पेठेत वाढलेला एकजण आहे, तो कुठल्याही गोष्टीला पूर्ण मार्क देत नाही.

"शास्त्रज्ञ ओरडतोय आणि त्याचं कुणी ऐकत नाही, इथपर्यंत पिक्चर खरा होता," तो म्हणाला. "पुढे बिघडला."

"अरे, पैसे वसूल झाले ना?" आमची टीम लीड म्हणाली. "कथा हवी असेल तर घरी बसून मालिका बघायची."

"मालिकेत निदान लाट यायच्या आधी जेवलात का विचारतात. इथे दोन दिवस कुणाला भूक नाही, झोप नाही. आणि कुत्र्यासाठी परत कोण जातं?"

"जातात. तुला तो बरणीवाला काका आठवतो?"

तिनं फोनवर व्हिडिओ शोधला आणि टेबलाच्या मधोमध धरला. मला बघायची गरज नव्हती. मागच्या वर्षी तो सगळ्यांच्या फोनवर फिरला होता, ऑफिसच्या ग्रुपवरही. कुणीतरी गॅलरीतून काढलेला. छातीभर पाणी, त्यात एक टक्कल पडलेला माणूस, दोन्ही हातांनी डोक्यावर चिनीमातीची बरणी धरून पावलं चाचपत येतोय. खाली कुणीतरी लग्नाच्या बँडचं संगीत जोडलं होतं.

"हा माणूस पटतो," पेठेतला म्हणाला. "पण बरणीच का, ते नाही पटत. लेखकानं कष्ट घेतलेले नाहीत."

सगळे हसले. त्याचं वाक्य चांगलं होतं, मीही थोडी हसल्यासारखं केलं.

मला कारण माहीत होतं. आम्हाला वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे बसवून बाबा एकदाच खाली गेले होते. आई एवढंच म्हणाली होती, की लोणच्याची बरणी स्वयंपाकघरात वरच्या फळीवर राहिली. लोणच्याला ओला हात लावायचा नाही, नाहीतर वर्षाचं लोणचं नासतं, हे आमच्याकडे लहानपणापासून पाठ असतं. म्हणून त्यांनी टीव्ही सोडला, कपाट सोडलं आणि थेंबही लागू नये म्हणून बरणी डोक्यावर धरली. वर आल्यावर आधी हात पुसायला कोरडं फडकं मागितलं. हे कुठल्याही सिनेमात घातलं असतं तर मीच म्हटलं असतं, की काहीही दाखवतात.

"पाणी सोडलंय," लीड फोन बघत म्हणाली. "चला पुलावर. खरा पिक्चर बघू."

पुण्यात धरणाचं पाणी सोडलं की लोक पुलावर जातात. मुलांना खांद्यावर घेतात, कणसं खातात, मागच्या वर्षीपेक्षा जास्त की कमी यावर वाद घालतात. मीही लहानपणी बाबांचा हात धरून गेलेली आहे. तेव्हा आम्ही उपनगरात, नदीपासून लांब राहत होतो. आज मला नाही म्हणता आलं नाही. शिवाय तो पूल आमच्या घराकडेच होता.

कठड्याला माणसं खेटून उभी होती. बहुतेकांचे फोन वर होते. खाली नदी तपकिरी, फुगलेली, वेगानं चालली होती आणि मधूनच एखादं झाड पूर्ण उलटं होऊन जात होतं. ती सुंदर दिसत होती. वरून दिसतेच. डावीकडे, झोपड्यांच्या पत्र्यांपलीकडे, आमच्या गल्लीचं तोंड दिसत होतं आणि पाणी तिथल्या भिंतीला लागलेलं होतं.

मी गर्दीतून मागे सरकायचा प्रयत्न केला, पण जागा नव्हती. तिथेच फोन लावला.

"काही नाई होत व," बाबा म्हणाले. "गेटपाशी कोरडं हाये. या टायमाले मी तयारीत हाओ. बाथरूमच्या जाळीवर फरशी ठेवली, तिच्यावर पाटा. आता फ्रिज टेबलावर चढवून राहिलो."

"एकटे?"

"मंग काय झालं? तू कायले घाबरून राहिली? पिक्चर पाहाले गेली होती ना? कसा होता?"

त्यांच्या आवाजात उत्साह होता. मागच्या वर्षी ते गाफील होते, आता नव्हते. सगळं नीट केलेल्या माणसाचं काही वाईट होत नाही, असं त्यांना वाटत होतं, आणि दुपारभर मी तेच बघून आले होते.

लीड आणि तो पेठेतला माझ्या अगदी शेजारी होते. दोघांनाही सगळं ऐकू जाणार होतं. माझी मान नेहमीसारखी हलली, पण फोनवर मान दिसत नाही.

"बाबा, मी पुलावर उभी आहे," मी म्हणाले, मला वाटलं होतं त्यापेक्षा मोठ्यानं. "पाणी आपल्या गल्लीच्या भिंतीला लागलंय, मला इथून दिसतंय. तो फ्रिज आहे तिथे राहू द्या. पायात काहीतरी घाला आणि आत्ता घराबाहेर पडा. मी फोन ठेवत नाही."