जावई हिरव्या डब्यात

घोडबंदर रोडच्या त्या टॉवरमध्ये स्वप्नाची ख्याती एकच, ती घरी असते. ट्यूशन संध्याकाळच्या, नवरा महेंद्र ऑफिसात, म्हणजे दुपारी ही रिकामीच, असं अख्ख्या सोसायटीनं परस्पर ठरवून टाकलेलं. जेवून जरा आडवं व्हावं, डोळ्याला डोळा लागावा, की वाजलाच फोन. "टँकर कधी येणार?" "हॉलची चावी कुणाकडे?" बिचारीला आयुष्याकडून फार काही नको होतं. दुपारची एक सलग झोप तेवढी हवी होती.

त्या झोपेसाठी तिनं एक ऑनलाइन पान उघडलं, 'नेहमी विचारले जाणारे प्रश्न'. कुणीही वाचावं, कुणीही भर घालावी. प्रश्नांना नंबर आपोआप पडत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध आला, की तिथं तिनं हौसेनं लिहिलं, 'प्रश्न नऊ पाहा'. मग लिंक ग्रुपवर टाकली आणि खुशाल पांघरूण ओढलं.

पण पानाच्या माथ्यावर काहीच नाही म्हटल्यावर आपल्या माणसाला चैन कुठली पडायला! अध्यक्ष गुरुदत्तकाकांनी सगळ्यात वर '॥ श्री ॥' घातलं. तो झाला प्रश्न एक. बाकीची सगळी वरात एकेक पायरी खाली सरकली आणि 'प्रश्न नऊ पाहा' मात्र जागच्या जागी.

दुसऱ्या मजल्यावरच्या गोदूबाईंचा घाबराघुबरा फोन आला. "अगं स्वप्ना, जावई यायचेत. पाहुण्यांची गाडी कुठे लावायची म्हणून बघितलं, तर प्रश्न नऊ बघा म्हणतंय. नऊमध्ये लिहिलंय, हिरव्या डब्यात टाकून झाकण घट्ट लावावं. जावयांना?"

स्वप्ना हसून हसून पलंगावरून घसरायची बाकी राहिली. संध्याकाळी तिनं नंबर सुधारले. महेंद्र म्हणाला, "काकांचं श्री आहे, तर आपलंही असू दे की," आणि त्यानं त्या श्रीच्या खालीच 'नमो बुद्धाय' लिहिलं. पुन्हा सगळं सरकलं. सातव्या मजल्यावरच्या विनीतनं मागे कशाला राहायचं? त्यानं 'जय महाराष्ट्र' घातलं. मग जो तो मदतीला धावला आणि दुसऱ्यानं सुधारलेले नंबर पुन्हा सुधारू लागला. लिफ्ट अडकली तर काय करावं, याचं उत्तर आता 'रात्रभर भिजत घालावे' असं येत होतं. कुणीतरी डोशाची कृती घातली होती म्हणे.

फोन दुप्पट वाढले. स्वप्नाच्या डोळ्यांखाली काळं आलं, पण हसूही आवरेना. तशात तिला मोहने गावातली माहेरची चाळ आठवली. तिथं खोलीचा नंबर कुणाला ठाऊक नसायचा. धाकूमामांचं घर म्हटलं की पोरगंसुद्धा नेऊन सोडायचं. मग प्रश्नाला तरी नंबरानं हाक का मारायची? तिनं सगळे 'पाहा' खोडले, 'पाहुण्यांची गाडी', 'अडकलेली लिफ्ट' अशी नावं लिहिली आणि लिंक त्या नावांवर बसवली. आता प्रश्न कुठेही सरको, बोट लावलं की माणूस थेट त्याच्या दारात. तिन्ही नमस्कार तिनं मोठ्या अक्षरात मथळ्यावर नेले, बिननंबरी. काका खूश, महेंद्र खूश, विनीतही खूश.

आणि फोन थांबले.

पहिल्या दुपारी स्वप्ना हातपाय पसरून पडली. झोप येईना. दुसऱ्या दुपारी फोन बिघडला की काय म्हणून तिनं स्वतःच महेंद्रला लावून बघितला. नंतर तर तिला चक्क राग यायला लागला. एवढी मोठी बिल्डिंग भरून माणसं, आणि एकालाही आपण आठवत नाही? गंमत म्हणजे तिला रडूच यायचं बाकी होतं. शेवटी उठून तिनं पानाच्या तळाशी एक प्रश्न घातला, 'वाचूनही कळलं नाही तर?' उत्तर लिहिलं, 'स्वप्नाला विचारा', आणि नावावर स्वतःच्या फोनची लिंक बसवली.

थोड्याच वेळात गोदूबाईंचा फोन आला. "ते शेवटचं खरं का गं? दुपारी फोन केलेला चालतो?"

"दुपारीच करा, काकू! बोला, काय विचारायचंय?"

"विचारायचं काही नाही गं. सहज."

"मग तर भरपूर वेळ आहे मला," स्वप्ना म्हणाली, आणि ट्यूशनची पोरं दार वाजवेपर्यंत दोघी बोलत बसल्या.