नवऱ्याच्या नावावरची केळी

लग्न झालं आणि सरकारच्या लेखी मी बागायतदारीण झाले.

त्याआधी मी धुळ्याच्या एका गिरणी कामगाराची मुलगी होते. जळगावला एम.ए.च्या पहिल्या वर्षाला शिष्यवृत्ती मिळाली ती वडिलांचं उत्पन्न बघून. वसतिगृह आणि मेस तिच्यावरच चालायची. उन्हाळ्यात लग्न झालं, आणि दुसऱ्या वर्षाच्या अर्जाला नियम आडवा आला: विद्यार्थिनी विवाहित असेल तर उत्पन्न नवऱ्याचं धरायचं.

नवरा यावल तालुक्यातला. त्यांच्या घरची चाल अशी, की जो शिकला त्याच्या नावावर सगळं करायचं. तलाठ्याशी, सोसायटीत, बँकेत तोच बोलणार. तीन भावांत बी.कॉम. झालेला हा एकटा, धाकटा. म्हणून सासरे गेल्यावर केळीची बाग याच्या एकट्याच्या नावावर चढली. कारभार मात्र थोरल्या भावाचा. याच्या हातात काही नाही.

शिष्यवृत्तीच्या ऑफिसातल्या साहेबांना हे सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, मग वाटणी करून आणा, नवऱ्याचा तिसरा हिस्साच धरू. शिष्यवृत्ती गरिबांसाठी असते.

लग्न केलं म्हणून माझी भूक बदलली का? बाई शिकणार ती बापाच्या नाहीतर नवऱ्याच्या खिशातून, हे सरकारनं धरूनच चाललेलं. त्या खिशात तिचा हात पोचतो का, हे विचारायला अर्जात जागाच नाही. मी हे पत्रकात लिहिलं आणि आमच्या विद्यार्थी संघटनेच्या बैठकीत ठेवलं. फीवाढीविरुद्धची आमची सगळी पत्रकं माझ्याच हातची होती. पण या वेळी पोरं एकमेकांकडे बघायला लागली. एक जण म्हणाला, बागायतदाराच्या बायकोसाठी मोर्चा काढला तर गाव हसेल. बाकीचे तिथेच हसले. पत्रक छापलं गेलं नाही.

मग यावलला गेले. थोरले दीर ओट्यावर बसले होते. मी म्हटलं, "भाऊ, फक्त कागदावर वाटणी करा. चूल एकच राहील."

ते चिडले असते तर मी भांडले असते. ते हळूच म्हणाले, "कागदावर झाली म्हंजे झाली, बाई. उद्या गाव इचारीन, सून आली न घर फुटलं. मी काय सांगू?"

आतून मधल्या जाऊबाई बोलल्या, "एम.ए. झाल्यावर केळी जास्त गोड लागतीन का वं?"

खोलीत आल्यावर नवऱ्याला म्हटलं, बाग कागदावर तुमची आहे, तुम्ही अर्ज दिला तर वाटणी सुरू होईल.

"भाऊंनी मला शिकवलं," तो म्हणाला. "त्यांच्याविरुद्ध सही माझ्याच्यानं होणार नाही."

मलाही शिकायचंच होतं, एवढंच मी म्हणू शकले.

दिवाळीआधी वसतिगृहाची खोली सोडली. माझी पेटी उचलायला तो जळगावला आला. भुसावळवरून यावलला जाणारी बस मिळाली. वाटेत केळीचे ट्रक समोरून येत होते आणि आम्ही दोघंही दुसरीकडे बघत होतो.

"पुढच्या वर्षी बघू," तो म्हणाला.

पुढच्या वर्षीही बाग त्याच्याच नावावर असणार होती.