फाट्यावरची फांदी

देवासला राज्ये दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती. आमच्या गल्लीची एक बाजू थोरलीत, समोरची धाकटीत. मी थोरल्या पातीच्या दफ्तरात कारकून. समोर राहणारा मास्तर धाकटीच्या शाळेत. वयाने दोघे बरोबरीचे.

दिवाळी झाली की आम्ही पाचजण पायी हिंडायला निघायचो. दोघे थोरलीतले, तिघे धाकटीतले. खांद्यावर वळकटी, हातात तांब्या, चिवड्याचे फडके, आणि कोणी काही विचारायचे नाही असे आठ दिवस. एक वर्ष धारकडे गेलो. त्या वर्षी नर्मदेवर नेमावरला जायचे ठरले होते.

पुढे कोण चालणार यावर पहिल्याच वर्षी भांडण झाले होते. दफ्तरातली सवय, दुसरे काय. मग पाळी ठरवली. एक दिवस आमची पाती पुढे, एक दिवस त्यांची. पुढच्याने फाटा आला की चुकीच्या वाटेवर पळसाची फांदी आडवी टाकायची. सगळ्यांत मागच्याने ती उचलून आणायची. मागे नेहमी मास्तरच असे. पाखरू दिसले की थांबे, विहीर दिसली की थांबे. मुक्कामाला शेवटी येई तो काखेत फांद्यांचा भारा घेऊन, आणि बसून त्या पानांच्या पत्रावळी टाची. त्यावर आम्ही जेवायचो. पिठले असो, बाफले असोत, त्या जेवणासारखे जेवण मला पुढे मिळाले नाही. हे खरे आहे, म्हणून लिहितो.

तिसऱ्या दिवशी घाट उतरायचा होता. पाळी आमची, पुढे मी. आदल्या दिवशी धाकटी पुढे होती आणि एकदाही वाट चुकली नव्हती. त्याच्या आदल्या दिवशी मी दोनदा चुकवली होती. सकाळी वळकट्या बांधताना मास्तर सगळ्यांदेखत म्हणाला, "आज थोरल्यांचा मान. म्हणजे नर्मदा आज परत देवासला भेटणार!"

सगळे हसले. माझ्या पातीचा होता तोही हसला. मीही हसलो.

दुपार कलली तेव्हा फाटा आला. उजवी वाट गावाला जात होती, डावी रानात. बाकीचे तिघे मागोमाग गप्पा मारत येत होते. मास्तर दिसतही नव्हता. मी पळसाला हात घातला, फांदी वाकवली. आणि सोडून दिली. तासभर भटकू दे, एवढेच मनात होते. मग धापा टाकत येईल आणि आपण म्हणू, काय मास्तर, धाकटी पाती चुकली वाटते!

तिघांतला एक जवळ आला. "फांदी टाकलीस ना रे?"

"टाकली. जरा आत टाकली आहे," मी म्हणालो, आणि उजवीकडे वळलो. ते माझ्यामागे आले. आत जाऊन कोण बघतो?

संध्याकाळ झाली, मास्तर आला नाही. पत्रावळी नव्हत्या, तव्यातच जेवलो. कंदील घेऊन फाट्यापर्यंत हाका मारून आलो. सकाळी गावातल्या लाकूडतोड्यांनी त्याला खाटेवर घालून आणले. डावी वाट नाल्यात संपत होती. नाला उतरताना दगडावरून घसरून पाय मोडला होता. त्यांतला एक म्हणाला, "भिया, रातभर पडे थे ये. सियाळ भगाते रहे."

मास्तर मला म्हणाला, "फांदी होती का रे? मला दिसली नाही. आंधळाच मी."

आता सांगता आले असते. तोंड उघडलेही. म्हणालो, "होती. तुझा काय दोष? शेळीने खाल्ली असेल."

बाकीच्यांना ते फार आवडले. बघा, त्याच्या मनाला लागू नये म्हणून कसा बोलला! हाडवैद्याने पाय बसवला तो वाकडा बसला. तिघे नेमावरला जाऊन आले. मी त्याच्यापाशी थांबलो, त्याचेही कौतुक झाले. त्यांनी तांब्यातून नर्मदेचे पाणी आणले. मास्तराने आधी माझ्या हातावर घातले.

पुन्हा आम्ही कधी हिंडायला गेलो नाही. मास्तर काठी घेऊन शाळेत जातो. मी दफ्तराला जायला निघतो त्याच वेळी तो निघतो. पंधरा वर्षे समोरून ती काठी ऐकतो. आधी ती पुढे जाईपर्यंत मी दारातच थांबे. पुढे काही वाटेनासे झाले. ते जास्त वाईट होते की नाही, मला कळत नाही.

गेल्या महिन्यात त्याच्याकडे सत्यनारायणाचे जेवण होते. पत्रावळी वाढल्या. त्याने पाहुण्यांना शेळीची गोष्ट सांगितली, नेहमीसारखी, शेळीचा आवाज काढून. शेवटी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "आणि हा माणूस! मला स्वतःला आंधळा म्हणू देईना." पाहुणे माझ्याकडे बघून हसले. मी पत्रावळ दुमडली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी गल्ली ओलांडून गेलो. तो ओटीवर वह्या तपासत होता. मी उभ्यानेच सांगितले. फांदी वाकवली, सोडली, तासभर भटकू दे एवढेच मनात होते, खोटे बोललो. सगळे मिळून चार वाक्ये झाली.

त्याने हातातली वही पुरी तपासली. मग म्हणाला, "तासभरच ना?"

"तासभरच."

"हं." काठीने त्याने आतले दार दाखवले. "हे आत जाऊन हिला सांग. पंधरा वर्षे हिने मला वाटेकडे बघत चाला म्हणून बजावले आहे. मी सांगणार नाही. तू सांग."

मी स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. वहिनी सुपात गहू निवडत होत्या. मला बघून त्यांनी पदर सारखा केला आणि पायाने पाट पुढे सरकवला. मी बसलो नाही. सांगितले. त्यांचा हात गव्हात थांबला.

मग त्यांनी विचारले, "म्हणजे शेळीसुद्धा नव्हती?"

"नव्हती, वहिनी."

त्यांनी पाट उचलला आणि भिंतीला टेकवून ठेवला.