मोतीबिंदू पिकेपर्यंत

बाइंडिंगच्या कारखान्यात त्यांना सगळे पुठ्ठाबाई म्हणत. पाठ पुठ्ठ्यासारखी ताठ आणि स्वभाव त्याहून कडक. अडतीस वर्षं त्यांनी छापून आलेले कागद दुमडले, सुईदोऱ्यानं शिवले, पुस्तकांच्या पाठीला खळ लावली. त्यांच्या हातच्या पुस्तकाचं पान सुटलं, असं सांगायची कुणाची छाती झाली नाही. सत्तरी गाठली तरी मालक त्यांना सोडायला तयार नव्हते.

मग एक दिवस कारखान्याच्या उंबऱ्याला अडखळून त्या पडल्या. गुडघा फुटला. "आता आराम करा, बाई," मालक म्हणाले, "वय झालं." दोन महिन्यांनी न्हाणीघरात घसरल्या. या वेळी मुलगा म्हणाला, "वय झालं, आई. एकटी कुठं जाऊ नकोस." त्यानं दाराची किल्ली काढून घेतली, गॅस पेटवायला बंदी केली. घरी कुणी आलं की त्यांच्यादेखत सांगायचा, "हल्ली तोल जातो तिचा."

तोल! पुठ्ठाबाईंच्या मस्तकात तिडीक जायची. "मला नीट दिसत नाही रे," हे त्यांनी त्याला दहादा सांगितलं होतं. दोन वर्षांपूर्वी तपासणीत दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला होता. पण तो पिकल्याशिवाय काढायचा नसतो, असं कुणीतरी मुलाच्या डोक्यात भरवलेलं. "पिकू दे," तो म्हणायचा. जणू आढीत घातलेलं फळच!

तिसऱ्यांदा त्या जिन्यावर पडल्या. पायऱ्या संपल्या असं समजून पाय टाकला, आणि एक उरली होती. उजवं मनगट मोडलं.

हाडांची डॉक्टर तरुण होती. प्लास्टर घालता घालता तिनं विचारलं, "कशा पडलात, आजी?"

"तोल गेला तिचा," मुलगा म्हणाला.

"मी त्यांना विचारतेय. आजी, जिना उतरताना पायरीची कड दिसते?"

दोन वर्षांत रक्तदाब मोजून झाला, साखर तपासून झाली, चपला बदलून झाल्या. हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. "कड कसली, बाई! मला नुसता उतार दिसतो. राखाडी."

डॉक्टर मुलाकडे वळली. "पिकायची वाट बघायचे दिवस कधीच गेले. रोजच्या कामात अडायला लागलं की काढायचा. डोळ्यांवर असं धुकं घेऊन चालल्यावर माणूस पडणार नाही तर काय होईल?"

घरी आल्यावर सून चाचरत म्हणाली, "मला शंका होतीच, आई. तुम्ही चहा कपाबाहेर ओतायचात. मी पुसून टाकायचे."

"पुसून टाकायचीस? मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"आणि आता मनगट मोडलं, ते फार गोड वाटतंय मला!"

सुनेचे डोळे भरून आले. पुठ्ठाबाई विरघळल्या नाहीत.

प्लास्टर निघालं आणि उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. अर्धा तासही लागला नाही. अर्ध्या तासाच्या कामासाठी दोन वर्षं! पट्टी निघाल्यावर आधी दिसले ते मुलाच्या कानशिलावरचे पांढरे केस. इथं मात्र सगळं वेळेवर पिकलं होतं.

"दुसरा डोळा सहा महिन्यांनी बघू," डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले. "एकावर छान भागतं."

रुग्णालयाचा जिना उतरताना पाऊल अधांतरी पडलं. एका डोळ्याला पायरी इथं, दुसऱ्याला भलतीकडेच. सुनेनं दंड धरला म्हणून वाचल्या. तिथूनच त्या उलट फिरल्या आणि रांग ओलांडून थेट डॉक्टरांच्या टेबलापुढं उभ्या राहिल्या.

"अर्धं शिवलेलं पुस्तक मी कधी गिऱ्हाईकाच्या हातात दिलं नाही. तुम्ही दिलंत! आत्ता तुमच्याच जिन्यावर आपटले असते मी."

रांगेतले लोक माना वळवून बघायला लागले. मुलगा पुटपुटला, "आई, हळू बोल ना."

"हळू बोलूनच दोन वर्षं गेली."

डॉक्टरांनी कागद पुन्हा पाहिला. दोन डोळ्यांच्या नंबरात बराच फरक पडला होता. अशानं अंतराचा अंदाज चुकतो, हे त्यांनी कबूल केलं.

"मग हे मला सांगायचं कुणी? वॉचमननं?"

तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली.

दुसरा डोळा झाल्यावर त्यांनी मुलाच्या खिशातून किल्ली काढून घेतली आणि एकट्या कारखान्यात गेल्या. फरशीतली भेग न् भेग लख्ख दिसत होती. मालकांनी खुर्ची पुढं केली, शिवायला कागद दिले. दोरा पहिल्या फटक्यात सुईत गेला. पण टाका ओढायला मनगट वळेना. दहाव्या टाक्याला हात असा ठणकला की डोळ्यांत पाणी आलं. मालक खाली बघत राहिले. पुठ्ठाबाईंनी सुई टेबलावर ठेवली आणि त्या बाहेर पडल्या.

"झालं ते झालं, आई," घरी मुलगा म्हणाला. "डोळे तर मिळाले ना?"

"झालं नाही, तुम्ही केलंत. माझं एकदा ऐकलं असतंस, तर हा हात कामाला राहिला असता. हाताला काम नाही म्हणजे काय, ते तुला नाही कळायचं."

त्यानं माफी मागितली, अगदी मनापासून. त्या "बरं" एवढंच म्हणाल्या. आता रोज त्याच्यासमोर बसून जेवतात, त्याच्या खोकल्याची चौकशी करतात. माफ मात्र केलेलं नाही, आणि ते त्यालाही ठाऊक आहे.